झुरिकचे दोन नकार

मोटार काढावी की ट्रामने जावे, हा प्रश्न युरोपातील शहरवासी रोज सकाळी स्वतःपुरता सोडवत असतो असे वरवर दिसते. परंतु रस्त्यांची आखणी, वाहनतळांची संख्या आणि चौकातील सिग्नल यांनी त्याचे उत्तर बहुतेक वेळा आधीच ठरवून टाकलेले असते. स्वित्झर्लंडमधील झुरिक शहराचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे, कारण तेथे अशा बाबींवर नागरिकांनी प्रत्यक्ष मतदान केले आणि त्यांतील सर्वांत दूरगामी ठरलेले दोन कौल नकाराचे होते.

झुरिकमध्ये घोड्यांची ट्राम १८८२ मध्ये आणि विजेची १८९४ मध्ये सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर खासगी मोटारी वाढल्या, तेव्हा ट्राम म्हणजे रस्त्यातील अडथळा हे मत अनेक देशांत प्रबळ झाले. लंडनने आपली जुनी ट्राम १९५२ मध्ये, पश्चिम बर्लिनने १९६७ मध्ये आणि हॅम्बुर्गने १९७८ मध्ये बंद केली. झुरिकच्या नियोजनकारांनी मात्र ती मोडीत न काढता शहराच्या मध्यभागात जमिनीखाली न्यावी, असा ‘टीफबान’ या नावाने ओळखला जाणारा प्रस्ताव मांडला. ट्राम खाली गेली की वरचा रस्ता मोटारींना मोकळा होणार होता. म्हणजे सार्वजनिक वाहतुकीच्या नावाने होणाऱ्या या खर्चाचा लाभ मोटारचालकांनाही तितकाच मिळणार होता. मतदारांनी १९६२ मध्ये तो फेटाळला. स्त्रियांना तेव्हा मताधिकार नव्हता, त्यामुळे ट्रामचे भवितव्य ठरवणारा हा कौल केवळ पुरुषांचा होता, हे या घटनेच्या गौरवपर वर्णनांत सहसा राहून जाते.

पुढचा प्रस्ताव अधिक महत्त्वाकांक्षी होता. ‘यू-बान’ म्हणजे शहरांतर्गत भुयारी रेल्वे आणि ‘एस-बान’ म्हणजे उपनगरांना शहराशी जोडणारी लोकल, या दोहोंची एकत्रित योजना १९७३ मध्ये मतदानास आली आणि तीही नामंजूर झाली. हा ट्रामप्रेमाचा विजय होता असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. प्रचंड खर्चाची धास्ती तर होतीच, पण भुयारी रेल्वेमुळे मध्यवस्तीत कचेऱ्या वाढतील, जागांचे भाव चढतील आणि राहत्या लोकांना बाहेर पडावे लागेल, ही भीतीही तितकीच खरी होती. मंजुरीच्या भरवशावर काही बांधकाम आधीच झाले होते. श्वामेंडिंगन भागातील बोगद्यातून १९८६ पासून ट्राम धावू लागली; तेथील फलाट दोन रुळांच्या मधोमध आणि ट्रामचे दरवाजे मात्र फक्त उजव्या बाजूला, त्यामुळे बोगद्यापुरती ट्राम डावीकडून चालवावी लागते.

खरे वळण आले ते १९७७ मध्ये. पुरेशा नागरिकांनी सह्या केल्यास एखादा प्रस्ताव मतदानास ठेवणे प्रशासनाला बंधनकारक होते. या स्विस पद्धतीने आलेल्या प्रस्तावानुसार ट्राम व बस यांचा वेग वाढवण्यासाठी २० कोटी फ्रँक मंजूर झाले. भुयार खणण्याऐवजी हा पैसा रस्त्यावरच वापरण्यात आला. ट्रामसाठी स्वतंत्र पट्टे आखले गेले, आणि रस्त्यात पुरलेल्या तारांच्या वेटोळ्यांवरून येणाऱ्या गाडीची चाहूल लागताच सिग्नल तिच्यासाठी हिरवा व्हावा, अशी यंत्रणा बसवली गेली. शहराच्या वेशीवरील सिग्नलही असे लावले गेले की आत जेवढ्या मोटारी मावतील तेवढ्याच सोडल्या जाव्यात. मोटार वापरू नका असे कोणी कोणास सांगितले नाही. थांबावे कोणी आणि पुढे जावे कोणी, एवढाच क्रम बदलला, आणि कोणत्याही प्रचारापेक्षा तोच अधिक परिणामकारक ठरला.

पूर्वी नाकारलेल्या लोकलला मतदारांनी १९८१ मध्ये स्वतंत्रपणे संमती दिली. ती १९९० च्या मे महिन्यात सुरू झाली, आणि त्याच वेळी प्रांतभर रेल्वे, ट्राम, बस व सरोवरातील बोटी या सर्वांना एकच तिकीट लागू झाले. मुख्य स्थानकाखाली भुयारी रेल्वेसाठी बांधून पडून राहिलेला फलाट अखेर सिल खोऱ्यातील रेल्वेच्या उपयोगी आला. तरीही हे शहर मोटारविरोधी होते असे मानू नये. तीन महामार्ग शहराच्या पोटात एकत्र आणण्याची योजना तेथेही होती आणि तिचा एक तुकडा म्हणून सिल नदीवर बांधलेला उन्नत रस्ता आजही उभा आहे.

उरला वाहनतळांचा प्रश्न. व्यापारी व मोटारविरोधी पक्ष यांच्यातील दीर्घ वादानंतर १९९६ मध्ये ‘ऐतिहासिक तडजोड’ झाली: मध्यभागातील सार्वजनिक वाहनतळांची संख्या १९९० च्या पातळीवर गोठवायची आणि जमिनीखाली जितक्या नव्या जागा होतील, तितक्या वरच्या काढून टाकायच्या. ऑपेरागृहासमोर २०१२ मध्ये भूमिगत वाहनतळ उघडला, त्यानंतर म्युन्स्टरहोफ या जुन्या चौकातील मोटारी हटल्या. टीफबानच्या नियोजनकारांनी ट्रामसाठी योजलेली जमिनीखालची जागा अशा रीतीने मोटारींच्या वाट्याला आली; तडजोड मात्र दोन्ही बाजूंना पुढेही सलत राहिली.