माउथवॉशने प्लाक जातो का? एका जुन्या प्रयोगाची गोष्ट

दात घासताना हिरड्यांतून रक्त आले की पुष्कळ जण घाबरून ब्रश बंद करतात आणि माउथवॉशची बाटली आणतात. "डॉक्टर, औषधाने चूळ भरतोय ना, मग ब्रश कशाला?" हा प्रश्न नेहमीचा आहे. त्याचे निम्मे उत्तर तीनशे वर्षांपूर्वीच मिळाले होते.

हॉलंडमधील डेल्फ्ट या गावी अँटनी व्हॅन ल्यूवेनहूक हा कापडाचा व्यापारी राहत असे. स्वतः घासलेल्या भिंगांतून सूक्ष्म गोष्टी पाहण्याचा त्याला नाद होता. तो रोज मिठाने दात घासून चूळ भरायचा, तरीही दातांच्या फटींत भिजवलेल्या पिठासारखा पांढरा थर साचायचा. हा थर त्याने पाण्यात कालवून भिंगाखाली धरला, तर त्यात असंख्य जीव वळवळत होते! १७ सप्टेंबर १६८३ च्या पत्राने त्याने हे लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. आज आपण ज्याला प्लाक म्हणतो, त्यातल्या जिवाणूंचे हे पहिले वर्णन.

मग त्याने व्हिनेगर वापरून पाहिला. थर बाहेर काढून व्हिनेगरमध्ये कालवला की जीव मरत. पण व्हिनेगरने नुसती चूळ भरली, तर दातांवरच्या थरातले जीव जिवंतच सापडत. त्याने अचूक अनुमान काढले: व्हिनेगर थराच्या बाहेरच्या बाजूचे जीव मारतो, आतपर्यंत पोचत नाही.

याचे कारण आज आपल्याला माहीत आहे. प्लाक म्हणजे दाताला चिकटलेले अन्नकण नव्हेत. जिवाणू स्वतःभोवती चिकट पदार्थ तयार करून त्यात दाटीवाटीने वस्ती करतात. वरून आलेले औषध त्या वस्तीत सहज शिरत नाही.

या थराचा हिरड्यांच्या सुजेशी थेट संबंध आहे, हे १९६५ मध्ये डेन्मार्कमधील आर्हुस येथे हाराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी दाखवले. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दात साफ करणे पूर्ण थांबवले. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्याच हिरड्या सुजल्या. पुन्हा दात घासायला सुरुवात केल्यावर साधारण आठवड्याभरात सूज उतरली.

पुढे १९७० मध्ये लो आणि श्यॉट यांनी याच पद्धतीने क्लोरहेक्सिडीन तपासले. हे जंतुनाशक ब्रिटनमध्ये १९५४ पासून त्वचेसाठी वापरात होते. ब्रश बंद ठेवून ०.२ टक्के द्रावणाच्या १० मिलीलिटरने दिवसातून दोनदा एक मिनिट चूळ भरली, तर प्लाक साचला नाही आणि हिरड्याही सुजल्या नाहीत. क्लोरहेक्सिडीन दातांना व तोंडातील अस्तराला चिकटून राहते आणि कित्येक तास हळूहळू सुटत राहते. व्हिनेगरला हे जमत नव्हते.

मग ब्रश सोडायचा का? नाही. एक बारकावा लक्षात घ्या. त्या प्रयोगाची सुरुवात स्वच्छ दातांपासून झाली होती. औषधाने नवा थर बसू दिला नाही. जुना, घट्ट बसलेला थर फोडणे ही वेगळी गोष्ट, आणि त्याचे दगडासारखे कीटण झाले असेल तर चुळीने ते निघणारच नाही.

२०१७ मध्ये कॉक्रेन संस्थेने ५१ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात ५,३४५ जण होते. नेहमीच्या स्वच्छतेला क्लोरहेक्सिडीनची जोड दिल्यास प्लाक बराच कमी होतो. हिरड्यांची सूज सौम्य असेल तर तीही कमी होते, पण ० ते ३ च्या मापावर सुमारे ०.२१ इतकीच. रुग्णाला जाणवेल असा हा फरक नाही, असे आढाव्याने म्हटले. सूज जास्त असणाऱ्यांबाबत पुरेसा पुरावाच नव्हता. चार आठवडे किंवा अधिक काळ वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात. चव काही काळ बदलते आणि कीटणही वाढू शकते.

म्हणून हे औषध ठरावीक दिवसांसाठी, डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरावे. तोंडातील शस्त्रक्रियेनंतर किंवा जबडा तारांनी बांधलेला असताना ब्रश करता येत नाही, तेव्हा त्याचा खरा उपयोग होतो. ते गिळू नये. टूथपेस्टमधील फेस आणणाऱ्या घटकामुळे त्याचा प्रभाव कमी होतो, म्हणून दात घासल्यावर लगेच चूळ न भरता साधारण अर्धा तास थांबावे.

हिरड्यांतून रक्त येत असेल तर ब्रश थांबवू नका. मऊ ब्रशने, हिरडीच्या कडेपर्यंत, दिवसातून दोनदा दात घासा आणि फटी साफ करा. आठ-दहा दिवसांत रक्त थांबले नाही, तर दंतवैद्याकडून कीटण काढून घ्या. दुखत नाही म्हणून थांबू नका. हिरडीखालचे हाड बहुतेक वेळा न दुखताच झिजत जाते, आणि दात हलायला लागल्यावर ते झिजलेले हाड चूळ भरून परत येत नाही.