संग्रहालयातील तारपा

दादरा-नगर हवेलीचे मुख्य गाव आमली, म्हणजेच सिल्वासा. तेथील आदिवासी संग्रहालयात मुखवटे, वाद्ये, मासेमारीची साधने आणि माणसाएवढे पुतळे मांडलेले आहेत. संग्रह एकच, परंतु तो पाहून परतणाऱ्या प्रत्येकाचे समाधान सारखे नसते.

दुरून आलेल्या प्रवाशाला मुखवटे खिळवून ठेवतात. संग्रहालयाला मराठीत ‘अजबखाना’ म्हणत, ते अशा नवलाच्या आनंदामुळेच. मुलाचे मात्र एवढ्याने भागत नाही. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचे तोंड असलेला तारपा पाहिला, की तो वाजतो कसा, हे त्याला ऐकावेसे वाटते.

इतिहासाच्या अभ्यासकाची भूक निराळी. नगर हवेली १७८३ मध्ये मराठ्यांकडून पोर्तुगीजांकडे गेली. २ ऑगस्ट १९५४ रोजी स्वयंसेवकांनी आमली मुक्त केली. त्या लढ्यात गायक-संगीतकार सुधीर फडके यांचाही सहभाग होता. १९६१ मध्ये हा प्रदेश भारतीय संघराज्यात विलीन झाला. या साऱ्या तारखा सत्तांतराच्या आहेत. वारली, कोकणा, धोडिया लोक कशावर जगत, कोणत्या सुरावर नाचत, हे त्यांतून उमगत नाही. तहनामा जेथे मुका होतो, तेथे मासे धरण्याचे एखादे साधे साधन बोलू लागते.

आणखी एक प्रेक्षक उरतो. नातवाचा हात धरून आलेल्या वारली वृद्धाला येथे अजब असे काहीच नाही. त्याच्या आठवणीतला तारपा काचेमागे नसतो. पीक हाती आल्यानंतरच्या रात्री, फेर धरलेल्या माणसांच्या मधोमध तो घुमत असतो. वस्तूचे नाव, तिचा उपयोग, तिचा ऋतू बरोबर सांगितलेला असेल, तर वृद्धाला आपला मान राखला गेल्यासारखे वाटते. चुकीचा असेल, तर आपल्याच घरात परके ठरल्याचे दुःख होते.

म्हणून संग्रहालयाची खरी कसोटी हाच प्रेक्षक होय. त्याला बोलते केले, तर मुलाला तारप्याचा सूर कळेल, अभ्यासकाला कागदाबाहेरचा इतिहास मिळेल आणि प्रवाशाचे नवल आदरात बदलेल. त्याचा नातू तर कदाचित तारपा प्रथम येथेच पाहत असेल. ‘हे आपले’ असे त्याला आजोबांनी अभिमानाने सांगावे, यापरते संग्रहालयाचे सार्थक ते कोणते?