हिरवी कॅप्सूल आणि गळणारे केस

आमच्या न्हाणीघराच्या खिडकीत खोबरेल तेलाची बाटली असते. तिच्या शेजारी तीन वर्षांपूर्वी मऊ, हिरव्या कॅप्सूलची एक स्ट्रिप येऊन बसली. दर शनिवारी रात्री आमच्या वहिनी त्यातली एक कॅप्सूल टाचणीने टोचत, आतला चिकट थेंब कोमट तेलात पिळत आणि केसांच्या मुळाशी लावत. दुसरी रोज पाण्याबरोबर पोटात जाई. कंगव्यात केसांचा पुंजका यायचा तो यायचाच. ‘ई व्हिटॅमिन कमी पडलं की केस जातात’ असे त्यांना शेजारणीने सांगितले होते, शेजारणीला पार्लरमधल्या बाईंनी. त्या बाईंना कोणी सांगितले, ते मात्र कळले नाही. मला जुन्या गोष्टींच्या मागे लागण्याची खोड आहे. म्हटले, हे जीवनसत्त्व सापडले कुठे आणि डोक्यावर चढले कसे, ते तरी पाहू.

सापडले ते १९२२ साली, अमेरिकेतल्या बर्कली येथे, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत. तिथे केसांचा विषयच नव्हता. हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरिन स्कॉट बिशप उंदरांच्या प्रजननाचा अभ्यास करत होते. उंदरांना दुधातले प्रथिन, स्टार्च, चरबी, क्षार असा मोजूनमापून आहार दिला जाई. उंदीर दिसायला धडधाकट. माद्या गाभण राहत, पण पिल्ले जन्मालाच येत नसत. गर्भ पोटातच विरून जाई. आहारात लेट्यूसची ताजी पाने घातली, की पिल्ले सुखरूप जन्मत. पुढे कळले, की गव्हाच्या दाण्यातला कोंबाचा भागही तेच काम करतो. या अज्ञात द्रव्याला आधी ‘एक्स’ म्हणत. ‘डी’पर्यंतची अक्षरे वाटून झाली होती, म्हणून १९२४ मध्ये बार्नेट शुअर यांनी त्याला ‘ई’ हे अक्षर दिले.

१९३६ मध्ये इव्हान्स आणि इमर्सन पतिपत्नींनी गव्हाच्या अंकुराच्या तेलातून ते शुद्ध रूपात वेगळे केले. बारशासाठी विद्यापीठातलेच ग्रीक भाषेचे प्राध्यापक जॉर्ज कॅलहून यांना गाठले. ‘टोकोस’ म्हणजे अपत्यजन्म आणि ‘फेरो’ म्हणजे वाहून आणणे, यावरून त्यांनी सुचवले ‘टोकोफेरॉल’. आपल्या स्ट्रिपवर बारीक अक्षरांत ‘टोकोफेरिल ॲसिटेट’ छापलेले असते, ते याच घराण्यातले. नावात बाळंतपण आहे, केस कुठेच नाहीत.

१९३८ मध्ये पॉल कॅरर यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले. औषध हाती आले, आता रोग हवा होता! पंचाईत अशी, की नेहमीचे जेवण जेवणाऱ्या माणसात याची खरी कमतरता सहसा होत नाही. कॅनडातल्या लंडन नावाच्या गावी शूट बंधूंनी १९४० च्या दशकात हृदयविकारावर ते देण्याचा धडाका लावला. मग त्वचा, तारुण्य, केस, अशी यादी वाढत गेली. तिला थोडा आधारही होता. ई जीवनसत्त्व तेलाला लवकर खवट होऊ देत नाही आणि शरीरात पेशींच्या आवरणातल्या चरबीलाही तसेच जपते. मग ते केसांनाही जपेल, असे कोणालाही वाटावे. पण चरबी न पचण्याच्या आजारांत किंवा क्वचित आनुवंशिक दोषामुळे हे जीवनसत्त्व खरोखर कमी पडते, तेव्हा झळ बसते ती मज्जातंतूंना. चालताना तोल जातो, हातापायांची संवेदना कमी होते. केस गळणे हे काही तिचे ओळखीचे लक्षण नव्हे.

१९८९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकल्या जाणाऱ्या, केस उगवण्यासाठी डोक्याला लावायच्या औषधांचा निकाल लावला. त्यातले एकही द्रव्य गुणकारी सिद्ध झालेले नाही, असे ठरले. त्या यादीत गव्हाच्या अंकुराचे तेलही होते. बाजूने बोलणारा एक प्रयोग आहे. मलेशियात ३८ जणांवर झालेला तो अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. आठ महिने औषध घेणाऱ्या २१ जणांच्या केसांची संख्या सुमारे ३४ टक्क्यांनी वाढली. पण त्यांना दिले होते टोकोट्रायनॉल, म्हणजे टोकोफेरॉलचे चुलत भावंड, जे पामतेलात मुबलक असते. आपल्या कॅप्सूलमध्ये ते नसते, आणि एवढ्याशा प्रयोगावर किती भार टाकायचा? उलट ३५ हजारांवर पुरुषांच्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीत रोज ४०० युनिट ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त आढळला, हे २०११ मध्ये जाहीर झाले.

मग ‘मला गुण आला’ म्हणणारे खोटे बोलतात का? मुळीच नाही. अल्बर्ट क्लिगमन या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने १९६१ मध्ये याचा उलगडा केला. मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, उपासमार असा धक्का बसला, की वाढत असलेले अनेक केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. तोवर ताप विसरलेला असतो. पुढे काही महिन्यांत केस आपोआप परततात. श्रेय मिळते त्या वेळी हातात असलेल्या बाटलीला!

आहाराचे म्हणाल, तर करडई आणि सूर्यफुलाचे तेल, शेंगदाणे, बदाम यांत ई भरपूर असते. खोबरेलात जवळजवळ नाहीच. तरी खोबरेल केसात मुरते आणि केसांतल्या प्रथिनांची झीज कमी करते, हे मुंबईतल्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवले. म्हणजे बाटलीची जागा योग्य होती, शेजारीण तेवढी उपरी.

आणि श्रोतेहो, जास्त झालेले पोषकद्रव्यही केस नेते. २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांत थोड्या दिवसांत माणसांना टक्कल पडू लागले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपास करून बोट ठेवले ते रेशनच्या गव्हातल्या प्रमाणाबाहेर सेलेनियमवर. सेलेनियम शरीराला लागते, पण कणभर.

आमच्या वहिनींना जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा कुठे डॉक्टरांकडे नेले. हिमोग्लोबिन आठ निघाले. कॅप्सूलच्या भरवशावर दीड वर्ष गेले होते. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, त्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत, अशी ताकीदही मिळाली. धाप आधी थांबली, कंगव्यातला पुंजका बऱ्याच महिन्यांनी लहान झाला. हिरवी स्ट्रिप अजून खिडकीत आहे. मी टाकायला निघालो, तर वहिनी म्हणाल्या, “राहू द्या भाऊजी, टाचांच्या भेगांना लावते.”