यंत्राशिवाय बेदाणा : राखेच्या पाण्यापासून सावलीच्या शेडपर्यंत



द्राक्षाचा हंगाम उतरणीला लागला की आपल्या कार्यक्रमाकडे एक प्रश्न हमखास येतो. व्यापाऱ्यानं चार-दोन क्रेट माल नाकारला, शेड नाही, वाळवणी यंत्र तर नाहीच. मग घरच्या घरी बेदाणा होईल का?

होईल. पण या प्रश्नाला मी एकदा फार घाईनं उत्तर दिलं होतं. "ऊन भरपूर आहे, गच्चीवर पसरा," असं एका बाईंना सांगून मी मोकळा झालो. त्यांनी घड धुऊन ताडपत्रीवर पसरले. पाचव्या दिवशी खालच्या अंगानं बुरशी धरली, आंबूस वास सुटला, चिलटं घोंगावू लागली. तीन क्रेट माल उकिरड्यावर गेला. बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "साहेब, ऊन तर होतं की!"

त्यांचं बरोबर होतं. ऊन होतं. मिरची वाळते, कैरीच्या फोडी वाळतात, मग द्राक्षच का अडून बसतं? कारण त्याच्या सालीवर मेणाचा थर असतो. बोटानं पुसला जातो तो पांढुरका थर म्हणजे हे मेणच. वेलीवर असताना ते मण्यातलं पाणी राखतं, आणि वाळवताना तेच आडवं येतं. कैरीची आपण फोड करतो, म्हणून तिथं ही अडचण नाही. अख्खं द्राक्ष नुसतं ठेवलं तर वाळायला महिना लागतो, आणि तेवढ्या दिवसांत बुरशी आपला डाव साधते.

हे कोडं फार जुनं आहे आणि त्याचं उत्तरही जुनंच आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन साम्राज्यात कोलुमेला नावाचा एक लेखक होता. त्याने शेतीवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्या बाराव्या भागात मनुका करण्याची कृती आहे. ती वाचून मी थक्क झालो. चांगली गोड द्राक्षं कोरड्या हवेत, ऊन वर आल्यावर तोडा. राखेचं पाणी उकळा, त्यात थोडं उत्तम तेल घाला. दोन-तीन घड एकत्र बांधून त्यात क्षणभर बुडवा, शिजू देऊ नका. मग कुडाच्या तट्ट्यावर एकमेकांना न लागतील असे विरळ ठेवा. तीन तासांनी उलटा, पण पुन्हा त्याच जागी ठेवू नका. तिथं निथळलेलं पाणी असतं, त्यानं माल कुजतो. रात्री दवापासून झाका.

माझ्या ताडपत्रीच्या सल्ल्यातली चूक या माणसानं दोन हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवली होती! खालून हवा नाही आणि निथळलेलं पाणी तिथंच.

लाकडाच्या राखेच्या पाण्यात मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट असतं. ते आणि तेल मिळून मेणाचा थर असा बदलतात की आतलं पाणी सालीतून बाहेर पडू शकतं. तुर्कस्तानातल्या इझमीर बंदराच्या परिसरात हीच रीत चालली, पोटॅश आणि ऑलिव्ह तेल. तीसुद्धा न उकळता.

अफगाणिस्तानात मात्र दुसराच मार्ग. तिथं जाळीदार भिंतींची मातीची घरं बांधतात, त्यांना किसमिसखाना म्हणतात. आत घड टांगायचे. ऊन लागत नाही, कोरडा वारा आरपार वाहतो, आणि माल हिरवा राहतो. काबुली व्यापाऱ्यांकडून आपल्याकडे आलेली हिरवी किसमिस ती हीच. 'बेदाणा' हा शब्दही फारसी, म्हणजे दाणा नसलेला, बिनबियांचा.

कॅलिफोर्नियात ओळींच्या मधे जमिनीवर ट्रे मांडून नुसत्या उन्हात वाळवत. तिकडे त्या दिवसांत पाऊस सहसा नसतो म्हणून ते जमतं. 1976 च्या सप्टेंबरात पाऊस आला आणि मोठं नुकसान झालं. ऑस्ट्रेलियात मिल्ड्युरा इथं 1887 मध्ये कालव्याच्या पाण्यावर वसाहत झाली. तिथं वाळवणीच्या दिवसांत पावसाची भीती, म्हणून वर पत्रा आणि खाली जाळीचे मजले अशी रॅक उभी राहिली. पुढे इझमीरकडची थंड पाण्यातली बुडवणीही तिथं रुळली.

आपल्या सांगली-तासगावच्या, सोलापूरकडच्या बेदाणा शेडमध्ये या सगळ्यांची नातीगोती दिसतात. जाळीचे मजले मिल्ड्युराचे, सावली आणि वारा किसमिसखान्याचा, द्रावण कोलुमेलाचं. फक्त राखेऐवजी पोटॅशियम कार्बोनेट आणि ऑलिव्ह तेलाऐवजी इथाइल ओलिएट, ज्याला दुकानात डिपिंग ऑइल म्हणतात.

आता घरच्या कामाचं. गोडी 22 ब्रिक्सच्या खाली असेल तर खटाटोप करू नका. बेदाणा आंबट आणि पोकळ होतो, वजनही भरत नाही. गोड माल असेल तर 4 किलोला साधारण 1 किलो उतरतो. फुटलेले, सडके मणी आधी काढा. 20 लिटर पाण्यात 500 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट विरघळवा, मग 300 मिलिलिटर डिपिंग ऑइल ढवळत ढवळत सोडा. दोन्ही वस्तू खाण्याच्या प्रतीच्याच घ्या. भांडं प्लॅस्टिकचं हवं, अ‍ॅल्युमिनियमचं नको, खारानं ते खराब होतं. हातमोजे घाला. घड 2 ते 4 मिनिटं बुडवून निथळू द्या.

वाळवायला जुनी बाज उत्तम. तिच्यावर शेडनेट ताणा, घड एकेरी थरात ठेवा, वरून मच्छरदाणी. जागा सावलीची पण वाऱ्याची हवी. रोज उलटा. संध्याकाळी झाका; ढग आले तर सरळ घरात घ्या, तिथं पंखा लावा. 12 ते 15 दिवस लागतात. मूठभर दाणे घट्ट दाबून मूठ उघडा. सुटे झाले, हात ओला झाला नाही, तर माल तयार. दोन-तीन दिवस हवाबंद डब्यात ठेवून पाहा. आत दमटपणा दिसला तर पुन्हा बाजेवर घाला. गंधकाची धुरी घरी देऊ नका, तो वायू छातीला वाईट. रंग थोडा तांबूस येईल, येऊ द्या.

त्या बाईंकडे पुढच्या हंगामात मी स्वतः गेलो. दोन बाजा, 12 किलो माल. तेराव्या दिवशी 3 किलोला थोडे कमी भरले. मूठभर त्यांनी कागदात बांधून दिले. एका बाजेवरचे दाणे जरा काळपट होते. ती बाज भिंतीला लागून होती, तिकडून वारा नव्हता.