अमेरिकेतले बौद्ध, काटेरी तारा आणि बहुसांस्कृतिकतेचा अभ्यास

अमेरिकेतल्या सामाजिक चळवळींचा विषय निघाला की आपल्या अभ्यासवर्गात चर्चा ब्लॅक पँथरवरून दलित पँथरवर येते आणि बहुधा तिथेच थांबते. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना लिहिलेले पत्रही आता अनेकांना माहीत आहे. पण त्याच देशात बौद्ध असणे हेच संशयाचे कारण ठरलेला एक समाज होता, हे समाजशास्त्रात एम. ए. करतानाही माझ्या वाचनात आले नव्हते. बहुसांस्कृतिकता समजून घ्यायची तर व्याख्येपेक्षा या समाजाचा इतिहास जास्त उपयोगी पडतो.

व्याख्या थोडक्यात अशी : वेगवेगळ्या समाजांनी आपली भाषा, धर्म आणि आठवणी न सोडता समान नागरिक म्हणून राहणे. याच्या उलट कल्पना म्हणजे 'मेल्टिंग पॉट', सगळ्यांनी वितळून एक होण्याची भट्टी. इझ्राएल झँगविल यांच्या १९०८ च्या नाटकामुळे हा शब्द रूढ झाला. १९१५ मध्ये होरेस कॅलन यांनी या कल्पनेला विरोध केला. पण त्यांच्या मांडणीतही युरोपातून आलेलेच लोक होते, काळे आणि आशियाई जवळजवळ नव्हतेच.

जपानी मजुरांपाठोपाठ १८९९ मध्ये जोदो शिन्शू पंथाचे धर्मगुरू सॅन फ्रान्सिस्कोला आले. शेतमजुरांच्या वस्त्यांतून विहार उभे राहिले. १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओझावा खटल्यात जपान्यांना नागरिकत्व नाकारले आणि १९२४ च्या कायद्याने त्यांचे येणेच बंद झाले.

पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि बौद्ध धर्मगुरूंची अटक लगेच सुरू झाली. घरोघरी लोकांनी जपानी कागद, सूत्रग्रंथ जाळले, पुरले. १९ फेब्रुवारी १९४२ ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक ९०६६ काढला. त्यानंतर सुमारे १,२०,००० लोक घरदार, शेती, दुकाने सोडून दहा छावण्यांत डांबले गेले. त्यांतले दोन तृतीयांश जन्माने अमेरिकी नागरिक होते. हातात मावेल तेवढेच सामान नेता आले. उरलेले अनेकांनी विहारात ठेवले.

काटेरी तारांच्या आत लोकांनी मोडक्या फळ्यांतून देव्हारे बनवले. वायोमिंगमधल्या हार्ट माउंटन छावणीच्या जागेत पुढे एकेक अक्षर लिहिलेले शेकडो छोटे दगड सापडले. ती सद्धर्मपुंडरीक सूत्राची अक्षरे असावीत, असे अभ्यासक मानतात. १९४४ मध्ये युटातल्या टोपाझ छावणीत त्यांच्या मुख्य संघटनेने आपले नाव बदलून 'बुद्धिस्ट चर्चेस ऑफ अमेरिका' केले. काही जण याला शरणागती म्हणतील. मला तो टिकून राहण्याचा हिशेब वाटतो, पण तो भीतीच्या छायेत केलेला होता हे विसरता येत नाही. याच छावण्यांतले तरुण अमेरिकेसाठी युरोपात लढले, तेव्हा त्यांच्या गळ्यातल्या ओळखपट्टीवर धर्मासाठी प्रोटेस्टंट, कॅथलिक आणि ज्यू एवढ्याच नोंदींची सोय होती.

युद्धानंतर आईबाप गप्प राहिले. मुलांना एवढेच कळे, की आपले लोक कधीतरी 'कॅम्प'मध्ये होते.

ही शांतता मोडली ती विद्यार्थ्यांनी. ६ नोव्हेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात काळ्या विद्यार्थ्यांनी पुकारलेल्या संपात लॅटिनो आणि आशियाई विद्यार्थीही उतरले. मागणी होती आपल्या समाजांच्या इतिहासाचे स्वतंत्र शिक्षण, आपले शिक्षक आणि जास्त प्रवेश. त्या काळात तिथे प्रभारी अध्यक्ष झालेले एस. आय. हायाकावा स्वतः जपानी वंशाचे; त्यांनी विद्यार्थ्यांच्या ट्रकवर चढून ध्वनिक्षेपकाच्या तारा उपटल्या. (आपला माणूस खुर्चीवर बसला म्हणजे काम झाले, असे समजणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावे.) संप मार्च १९६९ पर्यंत चालला आणि त्यातून वांशिक अभ्यासाचे स्वतंत्र महाविद्यालय मिळाले. त्याच वर्षी डिसेंबरात तरुणांचा एक जथा कॅलिफोर्नियातल्या मान्झानार छावणीच्या ओसाड जागेवर गेला. ती यात्रा पुढे दरवर्षीची झाली.

अभ्यासातून मागणी आली आणि मागणीतून चौकशी. १९८१ मध्ये सरकारी आयोगापुढे साडेसातशेहून जास्त लोकांनी साक्षी दिल्या. चाळीस वर्षे न बोललेली माणसे तिथे पहिल्यांदा बोलली. वंशद्वेष, युद्धज्वर आणि राजकीय नेतृत्वाचे अपयश ही कारणे आयोगाने नोंदवली. सिनेटर झालेल्या हायाकावांनी भरपाईलाही विरोध केला. तरीही १० ऑगस्ट १९८८ ला रेगन यांनी कायद्यावर सही केली : जाहीर माफी आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर.

पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, खासदार जॉन कॉनियर्स यांनी गुलामगिरीच्या भरपाईचा अभ्यास करण्यासाठी आयोग नेमावा, असे विधेयक मांडले. एच. आर. ४० या नावाने ते पुन्हा पुन्हा मांडले गेले. छावण्यांतल्या कुटुंबांची मुले-नातवंडे त्याच्या पाठिंब्यासाठी उभी राहिली आहेत. ते अजून मंजूर झालेले नाही.