हजेरीच्या वहीतलं नाव

बुऱ्हाणपूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला एकच बाई आठवते, मुमताज. १६३१ साली बाळंतपणात ती इथं गेली, तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिला आधी दफन केलं, आणि ताजमहाल आग्र्याला उभा राहिला. आमच्या घरातल्या म्हाताऱ्या मुमताजबद्दल फारशा बोलत नसत. त्यांच्या गोष्टी सुताच्या असत. कुणाचा हात चपळ, कुणाच्या सुताला पीळ बरोबर बसायचा, कुणाची मजुरी कुणी बुडवली.

टॅव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात इथून गेला, तेव्हा हे मोठंच शहर होतं. इथलं पांढरंशुभ्र तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड आणि कैरोपर्यंत जातं, असं त्यानं लिहून ठेवलंय. सोन्याचांदीच्या काठाच्या ओढण्यांचंही वर्णन केलंय. मागावर पुरुष बसत. पण मागाला जे सूत लागे ते घरोघर बायका कातत. कैरोच्या बाजारात गेलेल्या ओढणीचं सूत कुणी कातलं, हे कुणालाच टिपून ठेवावंसं वाटलं नाही.

माझी पणजी कलाबतूवाल्यांकडे कामाला जायची, असं आजी सांगे. चांदीच्या कांबीवर सोन्याचा पत्रा चढवायचा, तिची ओढून ओढून केसाइतकी बारीक तार करायची, ती चपटी ठोकायची आणि रेशमावर गुंडाळायची. तार ओढणं, ठोकणं पुरुषांकडे. पणजी रेशीम उकलून द्यायची. सोनं तिच्या हाताला लागत नसे.

१९०६ साली लालबागला ताप्ती मिल निघाली आणि बायकांच्या कामाला भोंगा आला. आजी रीळखात्यात होती. बॉबिनवरचं सूत फिरत्या फाळक्यावर घेऊन त्याच्या लड्या करायच्या. धागा तुटला की फाळका थांबवायचा, दोन्ही टोकं चिमटीत धरायची, गाठ मारून उरलेलं शेपूट तोडायचं आणि पुन्हा सुरू. ती गाठ आजी आम्हाला म्हातारपणीही करून दाखवायची. डोळ्यांना दिसत नसे, तरी अंगठा आणि तर्जनी आपापलं काम करत. गाठ इतकी बारीक की बोटाला जाणवू नये. जाड गाठ विणताना अडते, म्हणून ती खपवून घेत नसत.

गिरणीचं काम हलकं नव्हतं. कापसाची धूळ, दिवसभर उभं राहणं, घरी आल्यावर चूल. पण आजीच्या बोलण्यात तक्रार कमी आणि एक वाक्य जास्त असे. “तिथं मला कुणी अमक्याची सून म्हणत नव्हतं, पोरी. हजेरीच्या वहीत माझं नाव होतं.”

मला वाटतं, शहरातला कुठला धंदा बायकांना काम देतो, या प्रश्नाचं अर्धं उत्तर आजीच्या त्या वाक्यात आहे. काम तर प्रत्येक धंदा देतो. नाव किती धंदे लिहून घेतात?

मुंबईत १९२०-३०च्या सुमाराला कापडगिरण्यांतल्या साधारण पाच कामगारांमागे एक बाई होती. रिळिंग आणि वाइंडिंग ही बायकांची खाती. त्यांच्यावर नायकीण, म्हणजे बाई मुकादम, असे. मग ही संख्या घसरत गेली. १९२९च्या मुंबई प्रांताच्या कायद्यानं बाळंतपणाचा भत्ता मालकानं द्यायचा ठरला, तेव्हा बाई महाग वाटू लागली. बायकांना रात्रपाळी बंद होती. १९४८च्या कारखाने कायद्यानंही ती बंदी कायम ठेवली. गिरण्या तीन पाळ्यांत चालू लागल्या, नवी यंत्रं आली आणि बायकांच्या जागी पुरुष आले. जे कायदे तिच्या भल्यासाठी झाले, तेच तिला बाहेर काढायला पुढे केले गेले, याचा मला अजून राग येतो. भत्त्याचा भार एकट्या मालकावर न टाकता सगळ्यांवर वाटला असता, तर ही सबब उरली नसती.

गिरणीतून काम गेलं, ते घरात आलं. बुऱ्हाणपुरात पॉवरलूम वाढले. आज इथं अस्तराचं आणि बँडेजचं कापड निघतं. लूमच्या धोट्यात बसणाऱ्या कांड्या आमच्या गल्लीत बायका भरत आल्या आहेत, मोमिन विणकरांच्या घरांत आणि आमच्याही. आई भरायची. पोरांना मांडीशी घेऊन, भाजी शिजता शिजता. पैसे कांड्यांवर, आणि तेही बहुतेकदा घरच्या पुरुषाच्या हातात.

मावशी बिड्या वळायची. रात्री भिजवलेलं तेंदूपान सकाळी फर्मा ठेवून कात्रीनं कापायचं, जर्दा भरायचा, वळायचं, दोरा बांधायचा, तोंड नखानं दुमडायचं. हजार बिड्यांना सारा दिवस जाई. संध्याकाळी सट्टेदार, म्हणजे मधला ठेकेदार, मूठभर बिड्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढी. त्यांची मजुरी नाही, बिड्याही परत नाहीत. कामाचं कार्ड तिच्या चुलत्याच्या नावावर होतं, वळायची ती. १९७६च्या कल्याण निधी कायद्यानं बिडीकामगारांना दवाखाना आणि मुलांना शिष्यवृत्ती मिळू लागली, पण त्यासाठी स्वतःच्या नावाचं ओळखपत्र लागे. ते मावशीला फार उशिरा मिळालं, आणि मिळाल्यावर ती ते देवघरात ठेवायची. पुढे २०१७ साली जीएसटी आला आणि त्या निधीला पैसा पुरवणारा उपकरच बंद झाला.

मोठ्या शहरांतही हेच. मुंबईत गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात आणलं, तेव्हा कुठं बँकेनं त्यांना कर्जासाठी दारात उभं केलं. घरबसल्या काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९९६ साली करार केला. भारतानं तो अजून मान्य केलेला नाही.

ताप्ती मिल १९७४ साली सरकारी झाली आणि २०२०च्या टाळेबंदीत थांबली. माझी भाची पुण्यात एका कंपनीत रात्रपाळी करते. तिला न्यायला-सोडायला गाडी येते, महिन्याला पगारपत्रक येतं. आजीला ते पगारपत्रक आवडलं असतं. गल्लीतल्या बायका मात्र अजून कांड्या भरतात, आणि जनगणनेवाला विचारतो तेव्हा “मी घरीच असते” म्हणतात. आता २०२७ची जनगणना आहे. मी दारोदार जाऊन सांगतेय: काय काम करता असं विचारलं तर कांड्या भरते म्हणा, बिड्या वळते म्हणा, आणि त्यानं ते लिहिलं का ते विचारून घ्या.