विरळ हवा आणि देवगोई घाट

मोलगी भागातल्या जुन्या स्कूटरवाल्यांशी बोलताना एक वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकले की ते वहीत लिहून ठेवणे सोडून दिले. "वर हवा विरळ ना भाऊ, म्हणून पिस्टन जाम व्हायचा." अक्कलकुव्याहून मोलगीला येताना देवगोई घाट लागतो. त्या घाटावर हा आरोप आहे, आणि माझ्या मते तो खोटा आहे.

बजाजने पियाजिओच्या परवान्याने व्हेस्पा बनवायला 1960 च्या सुमारास सुरुवात केली. 1971 मध्ये परवाना संपला आणि 1972 मध्ये चेतक आली. नाव आपले, पण इंजिनाची घडण त्याच इटालियन वळणाची. या टू-स्ट्रोकमध्ये हवा-पेट्रोलचे मिश्रण आधी पिस्टनखाली क्रँककेसमध्ये ओढले जाते आणि मग वर ढकलले जाते. वंगणही त्यातूनच, लिटरला 20 मिली. म्हणजे पेट्रोल कमी पडले की इंजिन तापते आणि नेमके त्याच वेळी तेलही कमी मिळते. मिस्तरी याला 'लीन' म्हणतात, पुस्तकात 'विरळ मिश्रण' असते.

घोटाळा या 'विरळ' शब्दाने केला. उंचावर हवा विरळ होते हे खरे, हजार मीटरला साधारण दहा टक्के. पण कार्बोरेटरचा जेट तोच राहतो, म्हणून हवा घटून पेट्रोलचे प्रमाण वाढते. विरळ हवेत मिश्रण दाट होते! प्लग काळा पडतो, ओढ कमी होते, पण पिस्टन त्यामुळे जाम होत नाही.

मोलगीजवळच्या एका आश्रमशाळेतल्या निवृत्त गुरुजींनी मला त्यांच्या चेतकची हकिगत सांगितली. गाडी एकदा जाम झाली. भीतीने गुरुजी तेल दुप्पट घालू लागले. तेल वाढले तेवढी त्या मिश्रणातली पेट्रोलची जागा घटली, म्हणजे गाडी आणखी लीन. ती पुन्हा जाम झाली, तीही घाट उतरताना. उतारावर गिअरमध्ये चाक इंजिनाला फिरवत असते आणि ॲक्सिलरेटर बंद असतो, त्यामुळे तेल जवळजवळ पोचतच नाही. घाटाचा दोष एवढाच, आणि तोही चढणीचा नव्हे.

तळोद्याच्या मिस्तरीने बोअर उघडण्याआधी प्लग काढला. तो पांढराफटक होता. मग विचारले, "गुरुजी, रेस आपोआप चढते का? सोडल्यावर लगेच खाली येत नाही?" दोन्ही होत होते. त्याने चोक ओढला, तर गाडी बंद पडण्याऐवजी सुधारली. जेट साफ होता, कार्बोरेटर घट्ट बसलेला. उरला क्रँकचा ऑइल सील.

हे सील दोन असतात. क्लचकडचा गेला तर गिअरचे तेल आत ओढले जाते आणि धूर निघतो, मालकाला लगेच कळते. मॅग्नेटकडचा गेला तर नुसती हवा शिरते. धूर नाही, डाग नाही. गुरुजी तर धूर कमी झाला म्हणून खूश होते.

सील हातात घेतला तेव्हा रबर नखाने दाबत नव्हते. नवा बसला, बोअर झाले आणि तेलाचे माप पुन्हा 20 मिलीवर आले. उतारावर अधूनमधून ॲक्सिलरेटर पिळायला मिस्तरीने बजावले होते, ते गुरुजी शेवटपर्यंत पाळत राहिले. घाटातली हवा मात्र विरळच आहे, असे ते मला जाताना पुन्हा म्हणाले.